लुळा उजवा हात

पडदा सरकवला आणि ईप्सिता जागीच थबकली. पलंगावर चक्क एक मराठी चेहरा गालातल्या गालात हसत होता.

"सिद्धांत वाघमारे. आज उजवा हात लुळा आहे. एरवी विमानाच्या पंखांचं काम बघतो."

हॅम्बर्गच्या या नर्सिंग कॉलेजाचा शेजारच्या हॉस्पिटलशी करार होता. सहा महिन्यांनंतरची परीक्षा पास झालं, की हॉस्पिटल पुढचं शिक्षण पगारासकट देणार. नापास झालं, की ईप्सिताची रवानगी थेट सांगलीला! सरावासाठी गावातली हौशी माणसं पेशंट बनून यायची, त्यांतलाच हा एक.

ईप्सिताने पटापट त्याच्या शर्टाची बटणं लावली, उशी सारखी केली, पाण्याचा ग्लास ओठांना लावला. तिच्या घरी आजारी माणसाला कुणी इकडची काडी तिकडे करू देत नसे.

"छान," शिक्षिका फ्राउ ब्रांट म्हणाल्या. "पण यांनी काय केलं? डावा हात आहे ना त्यांना? पेशंटला करू द्यायचं, आपण थांबायचं. परीक्षेत असं केलंस तर नापास."

ईप्सिताचा चेहरा पडला. सिद्धांतला ते बघवेना. "शनिवारी येतो की सरावाला," तो म्हणाला.

मग शनिवारमागून शनिवार तो डाव्या हाताने बटणांशी झटापट करी आणि ती हात पाठीमागे बांधून उभी राही. काचेवर पावसाची रिपरिप चालू असे...

"इतकं टक लावून बघायला सांगितलंय का फ्राउ ब्रांटनी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! पेशंटचं निरीक्षण म्हणतात त्याला."

"मग नाडी जोरात पळतेय – तेही बघ."

तिने बघितली. जरा जास्तच वेळ बघितली. हा एकटा जेवतो काय, हसताना याची एकच भुवई का वर जाते – तिला सगळंच जाणून घ्यायचं होतं. तो तिला आवडायला लागला होता, अगदी मनापासून.

परीक्षेलाही पेशंट तोच. शेवटचं बटण काजातून निसटलं. पुन्हा निसटलं. ईप्सिता ओठ आवळून थांबली, पण तिचे डोळे भरून आले. ते पाहिलं मात्र... त्याचा लुळा उजवा हात झटकन वर आला आणि बटण लागलं!

"तर मग, मिस्टर वाघमारे," फ्राउ ब्रांट म्हणाल्या, "चमत्कार झाला. आता बाहेर बसा. दुसरा पेशंट बोलावते."

तो तोंड एवढंसं करून बाहेर बसला. बऱ्याच वेळाने ईप्सिता आली.

"पास?"

"पास. दुसरे पेशंट म्हणून आलेल्या आजोबांनी सगळी बटणं डाव्या हाताने लावली. तुझ्यासारखा बावळटपणा नाही केला!"

"चुकलंच माझं. पण तू परत गेली असतीस तर..."

"तर काय?"

"मला करमलं नसतं इथे. अजिबात."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तरी ती फणकाऱ्याने म्हणाली, "तुला पुन्हा पेशंट करायचं नाही, असं ठरलंय."

"मग शनिवारी मी... कोण म्हणून येऊ?"

ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा धडधाकट उजवा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"माझा म्हणून ये."