साक्षीचा रंग

“बाई, पन्नास वर्षांत कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नव्हतं. काल दाखवलं.”

एवढं बोलून जलाल मिस्त्री खुर्चीत मटकन बसले. अंबाबाई थोरातांनी हातातली फाईल मिटली. विमा कंपन्यांसाठी खोटे अपघात हुडकून काढणाऱ्या या बाईंच्या नजरेला अख्खं मंचर वचकून होतं. त्यांचा कामातला जोडीदार कुशाबा, रिटायर एसटी ड्रायव्हर. गाडी हाकण्यात पठ्ठ्याचा हात धरणारा कुणी नाही, पण डोकं चालवायची वेळ आली की स्वारी पहिल्या गिअरमध्येच अडकायची. त्यानं मिस्त्रींना आधी पाणी दिलं. एवढं त्याला कळायचं.

“आता सुरुवातीपासून सांगा,” बाई म्हणाल्या.

घोडेगावचे हार्डवेअरवाले रिखबचंद शेठ जुने व्हाइस जमवायचे. व्हाइस म्हणजे मिस्त्रीच्या टेबलाला बोल्टनं जखडलेली लोखंडी पकड; दांडा फिरवला की पुढचा जबडा मागच्याला भिडतो, वस्तू गच्च धरतो. शेठचा सगळ्यात लाडका, त्यांच्या वडिलांचा विलायती व्हाइस जलालभाईंनी नव्यासारखा करून शुक्रवारी पोचवला. रविवारी पुण्याहून एक पारखी आला. त्यानं बोट ठेवलं: मागच्या भागावर नंबर ओतलेला आहे, पुढच्या जबड्यावर नाही. जबडा नकली!

“शेठचं म्हणणं, अस्सल जबडा मी ठेवून घेतला अन् नकली बसवला. जुन्नरच्या तंत्रशाळेचे अकरा व्हाइस माझ्याकडं यायचे व्हते, त्यांचाबी फोन आला, थांबा म्हणून. बाई, मानूस नावावर जगतो. ते गेलं तर या हातांचं काय लोणचं घालू?”

“जबड्यावर नंबर नाही, हे तुम्हाला दिसलं नव्हतं?”

“दिसलं व्हतं. रंग काढल्यावर. पण दुसऱ्याच्या वस्तूत उणं काढायचं न्हाई, ही आमच्या अब्बांची शिकवण. आता सांगून कोण ऐकतंय?”

जुन्नरला मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये शिरताच कुशाबा दारातच थबकला. भिंतीलगत नऊ व्हाइस ओळीनं उभे, सगळ्यांचे दांडे खाली लोंबते, जबडे नाणंभर उघडे. त्यानं एकाचा दांडा बोटानं ढकलला. आवाज न करता तो लोण्यात फिरावा तसा फिरला.

“आयला! शंभर वर्षांचं लोखंड, राव!”

“लोखंड म्हातारं व्हत न्हाई भाऊ, त्याला विसरत्यात लोक,” मिस्त्री म्हणाले. लोकांनी भंगारात घातलेल्या वस्तूला या माणसानं पुन्हा कामाला लावलं होतं, आणि कुशाबाला ते मनापासून आवडलं.

बाईंनी एक व्हाइस तिरपा करून तळ पाहिला. पोटाला, उजव्या अंगाला, टिकलीएवढा जुना रंग तसाच होता.

“हे राहून गेलं?”

“राहून न्हाई, राखलंय. ही साक्ष. रंग उतरवायच्या टाकीत बुडवायच्या आधी तेवढ्या जागेवर मेण थापतो. पुढच्या मिस्त्रीला कळावं, आधी काय व्हतं. दोन्ही भागांवर एकेक. साक्षीला मी पुन्हा हात लावत न्हाई.”

मिस्त्रींचा पुतण्या फुरकान घुश्श्यातच होता. “शुक्रवारी मी एकट्यानं जोडला, व्हय. म्हणून मीच चोर का? जो जबडा टाकीत गेला, तोच बाहेर आला.”

निघताना कुशाबाची बोटं दाराच्या जाड कडीला मागून लागली. तिथं ओळीनं तीन खळगे होते.

“अब्बांची खूण,” मिस्त्री हळवे झाले. “ओतकामाची भट्टी व्हती त्यांची. कामावर तीन टिंबं मारायचे, पण न दिसणाऱ्या जागी. चाळीस वर्षांमागं ते गेले तेव्हा मी मस्कतला व्हतो. त्यांचं शेवटचं काम बघायला बी मिळालं न्हाई.”

घोडेगावच्या दुकानात रिखबचंद शेठ रागापेक्षा दुःखानंच बोलत होते. “बाई, मित्र मानत होतो मी याला. हा व्हाइस आला तेव्हा राखाडी होता, कंपनीचाच रंग. चाळीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या वर्षी बाबांनी लाल करून आणला. पुढे मी हिरवा केला. घरातल्या माणसासारखा सांभाळला हो!”

मुलगा पीयूष म्हणाला, “मी तर कधीचा सांगतोय, विकून टाका. पुण्याची माणसं मागत होती.”

“म्हणजे हा तुम्हाला नको होता,” कुशाबानं डोळे बारीक केले. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आतून शेठच्या आई जतनबाई काठी टेकत आल्या. “त्या रंगाचं काय सांगू! दोन महिने लागले होते. मी रोज विचारायची, तर हे म्हणायचे, रंग वाळतोय. आणि तोंड बघावं तर कुणाचं काही फोडल्यासारखं.”

बाईंनी भिंग आणि बॅटरी काढली, व्हाइस आडवा केला आणि दोन्ही साक्षी कुशाबाला दाखवल्या. “कडेला बघ. काय दिसतं?”

“मागच्या भागावर वर हिरवा, खाली लाल, त्याच्या खाली राखाडी. जबड्यावर हिरवा, खाली लाल... मग लोखंडच. दगडावानी कडक हाय, नख लागत न्हाई.”

“मग चोर कोण?”

“पीयूषशेठ!” कुशाबा ठामपणे म्हणाला. बाई हसल्या, आणि त्यांनी मिस्त्रींना फोन लावला.

तासाभरात जलाल मिस्त्री फुरकानला घेऊन आले. दुकानात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

“इथं चोरीच झालेली नाही,” बाईंनी सुरुवात केली. “गेल्या आठवड्यात जबडा बदलला असता, तर त्याच्यावर चाळीस वर्षांचा लाल आणि हिरवा आला कुठून? म्हणजे मिस्त्री, फुरकान, पीयूष तिघेही सुटले. पण जबड्यावर राखाडी नाही. तो आला राखाडीनंतर आणि लालच्या आधी. शेठ, ते तुमच्या लग्नाचं वर्ष.”

“म्हणजे... बाबांनी?”

“एक व्हाइस रंगवायला दोन महिने लागतात का? तुमच्या वडिलांच्या हातून जबडा फुटला. विलायती वस्तूचा मोठा अभिमान, सांगायची लाज वाटली. त्यांनी गुपचूप नवा ओतून घेतला आणि दोन्ही भाग लाल करून नव्या-जुन्याचा फरक झाकला. काम इतकं बेमालूम की चाळीस वर्षं तुम्हालाही कळलं नाही. असं ओतणारा या भागात कोण होता?”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. “बाई, खूण असती तर मला दिसली असती. सगळा जबडा साफ केला मी.”

“सगळा नाही. तुमचे अब्बा खूण करायचे न दिसणाऱ्या जागी. तुम्ही साक्ष राखता न दिसणाऱ्या जागी. एकाच हाताखालचं शिक्षण! तुम्ही मेण थापलंत, ते नेमकं कशावर?”

बाईंनी पातं पुढे केलं. मिस्त्रींनी आयुष्यात कधी साक्ष खरवडली नव्हती. त्यांनी पातं जबड्याच्या साक्षीवर टेकवलं. हिरवा गेला, लाल गेला, आणि खाली ओळीनं तीन टिंबं उघडी पडली.

“अब्बा,” मिस्त्री म्हणाले, आणि भरल्या दुकानात लहान पोरासारखे रडले. कुशाबानं नाक शिंकरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

रिखबचंद शेठनी हात जोडले. “जलाल, माझं चुकलं. तुझ्यासारख्या माणसावर संशय घेतला मी.” त्यांनी तिथल्या तिथं तंत्रशाळेला फोन लावला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं की चूक आपली होती, मिस्त्रींची नव्हे.

पीयूष पुटपुटला, “पण आता हा अस्सल नाही ना राहिला.”

“अस्सल नाही कसा? अर्धा विलायती, अर्धा जुन्नरचा,” शेठ म्हणाले. “आता तर मुळीच विकणार नाही.”

फुरकाननं रंगाची डबी उघडली, तेवढी उघडी जागा झाकायला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

“राहू दे उघडी. गंज धरंल म्हणून दर महिन्याला मी येऊन तेल लावीन. शेठ, तुमची हरकत न्हाई ना?”

“चहा पिऊन जायचं असेल, तरच ये,” शेठ म्हणाले.