पाठीमागची पायरी

“ओ बाई! मागं पायरी हाय!”

राजनंदिनीचा पाय अधांतरी राहिला. कुणीतरी तिचा कोपर धरला, आणि नळदुर्गाच्या तटावर भुरभुरणारा श्रावण क्षणभर थांबल्यागत झाला. वळून बघते तर एक सावळा पोरगा… केसांत पावसाचे मणी, ओठांच्या कोपऱ्यात हसू.

“उलटं चालायला शिकवत्यात व्हय ह्या कोर्सात? मी आजच नाव घातलंय. गुंडप्पा.”

“गाइडचं तोंड पाहुण्यांकडं, पाठ वाटंकडं. सर म्हणतात.” तिनं कोपर सोडवून घेतला — जरा उशिरानंच.

“मंग वाटंकडं डोळं कुणाचं?”

“जोडीदाराचे. मला जोडीदार न्हाय.”

“आता हाय की.”

बारावीनंतरचा तो प्रवास-पर्यटनाचा कोर्स. सराव सगळा किल्ल्यातच. ती बुरूज आणि तोफा सांगत उलटी चालायची, तो तिच्या पाठीशी पुटपुटायचा — “पायरी… खड्डा… जरा डावीकडं…” पुढं पुढं तर नुसत्या त्याच्या श्वासावरून तिला चढ-उतार कळू लागला.

“पाहुणे माझं तोंड बघतात, तुला मात्र नुसती वेणी. वाईट न्हाय वाटत?”

“वेणी खोटं बोलत न्हाय. तू लाजलीस की हलती.”

पण नदीवरच्या बांधाच्या पोटात बांधलेल्या पाणीमहालाच्या पायऱ्या आल्या की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मागल्या एका भादव्यात तिचा भाऊ कृष्णराज ह्याच बांधावर फोटो काढताना शेवाळावरून घसरला होता. पाण्यानं त्याला परत दिलं, पण उशिरा. तेव्हापासून बेंबळी गावच्या घरात आई काम करता करता एवढंच गुणगुणायची —

बांधाच्या ग पाण्या, काळं काळं तुझं पोट
माझ्या राजसाची कुठं बुडवली वाट…

लेक त्याच बांधावर जाते म्हणून ती लेकीशी धड बोलत नव्हती. वडिलांनी, अण्णांनी, तर निक्षून सांगितलं होतं, “पास झालीस तर वेरूळला गाइडच्या कामाला जा. नापास झालीस तर वाशीचं स्थळ यायचंय. मुकाट उभं राहायचं.”

गुंडप्पाला हे सगळं ठाऊक होतं. पाणीमहाल आला की तिच्या वाटणीचं तोच बोलायचा. त्याला नळदुर्ग सोडता येणार नव्हतं. त्याची आई लक्ष्मम्मा, त्याची अव्वा, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली; तिची कूस बदलायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

“मी नापास झाले तर?” एकदा तिनं विचारलं.

“तर वाशीच्या लग्नात पंगत वाढावी लागंल. पास झालीस तर… तुझी पेटी एसटीत चढवावी लागंल. दोन्हीकडं हमालीच हाय माझ्या नशिबात.”

ती हसली. तो हसला नाही.

फाल्गुनात परीक्षा आली. जोडीदारानं पाठीशी थांबायचं नाही, असा नियम. पाहुणे झालेल्या पोरापोरींत गुंडप्पा उभा, आणि त्यांच्यातच परीक्षक बाई. म्हणजे पहिल्यांदाच… तो तिच्या समोर होता. मागं पायरी आली की तो हळूच पापण्या मिटायचा. ती पाय जपून टाकायची.

बांधाशी आले. पावसाळ्यात बांधावरून कोसळणारा धबधबा कोरडा होता. बांधाआडचं पाणी काळंशार, गप्प. तिचे शब्द आटले. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं.

“मॅडम,” गुंडप्पा परक्या पाहुण्यासारखा तिला म्हणाला, “हितं कडंला उभं राहून फोटो काढू का?”

तिनं चमकून पाहिलं. त्याचेच डोळे भरून आले होते.

“न्हाय काढायचा.” तिचा आवाज फाटला. “इथं शेवाळ असतं. माझा भाऊ… कृष्णराज… इथंच गेला. सगळे आधी भिंतीकडं सरका. आता बघा. इथूनबी पाणी तेवढंच देखणं दिसतं.”

सगळे निमूट भिंतीला टेकले. परीक्षक बाईसुद्धा.

ती पास झाली.

धाराशिवच्या स्थानकात संभाजीनगरची गाडी लागली. आई आली नव्हती. अण्णा जागा धरायला आत चढले. गुंडप्पानं पेटी चढवली आणि खाली येऊन उभा राहिला.

“येशील वेरूळला?”

“अव्वा हाय तवर न्हाय. अन् अव्वा जावी, असं मनात आणवत न्हाय.”

“गुंडप्पा, मला तू…”

“ठावं हाय. वेणीनं कवाच सांगितलंय.” तो थांबला. “मलाबी… तसंच.”

कंडक्टरनं हाक दिली. ती वळली नाही. तोंड त्याच्याकडं, पाठ गाडीकडं — तशीच एकेक पाऊल मागं जात राहिली. तिचा पाय अधांतरी राहिला, तसा तो म्हणाला,

“पायरी.”