कानावर पडू नये म्हणून

लाइट काही आता सकाळपर्यंत येत नाही. तेव्हा ते मोबाइल खिशात घाला आणि ऐका. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका पुजाऱ्याची. माणूस अजून आहे, पण देवळाची पायरी चढत नाही. रात्र होती बुधवारची, चंद्र लवकर मावळलेला.

तो शेजारतीला निघाला होता. देवाला निजवायचं आणि येताना पळीभर तीर्थ आणायचं, एवढंच काम. म्हातारे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांनी जन्मभर त्याच देवाची पूजा केलेली, आणि दुपारपासून एकच मागणं, तीर्थ.

पण पुजाऱ्याचं चित्त भलतीकडेच. उजाडता उजाडता देवळावर नवा कळस चढायचा होता, तोही त्याच्या हातून. रात्रीत वडील गेले तर सूतक. म्हणजे दहा दिवस देवाला शिवायचं नाही, आणि कळसाचा मान चुलतभावाकडे. भाऊबंदकी ती, तुम्हाला काय वेगळं सांगायचं.

दारात त्याने बायकोला बजावलं, "काही झालं तरी मला कळवू नकोस. बातमी कानावर पडली तरच सूतक लागतं."

"अहो, पण मामंजी तीर्थाची वाट बघतायत."

"कळस चढला की सकाळी आणतो."

फोन त्याने मुद्दाम घरीच ठेवला.

शेजारती झाली. देवळाचं दार आतून लावून तो गाभाऱ्यात सकाळची तयारी करत बसला. साडेअकराच्या सुमारास दार वाजलं.

"अरे, उघड."

आवाज वडिलांचा.

चार महिने ज्याला कूस बदलता येत नव्हती, तो माणूस चालत आला कसा? हे आधी मनात यायला हवं होतं. याच्या मनात आलं, आता वडीलच बातमी सांगणार आणि सूतक लागणार. हव्यास बघा माणसाचा.

त्याने देवापुढची घंटा उचलली आणि घणाघणा वाजवायला लागला. डोळे गच्च मिटून.

"अरे, ऐक..."

आता मंडपातून. दार तर आतून बंद होतं.

घंटा आणखी जोरात. हात भरून आला. अंगाला घाम. आवाज उंबऱ्यापाशी आला... थांबला.

तोही थांबला.

सगळं शांत.

आणि मग कानाशी. अगदी कानाशी...

"मी गेलो रे."

घंटा तिथेच टाकून, तीर्थाचा गडू घेऊन तो धावत सुटला. घरी बायको एकटीच बसलेली. बातमी देवळापर्यंत जाऊ नये म्हणून तिने कुणाला हाक मारली नव्हती.

"कधी?"

"तुम्ही कोपऱ्यावर वळलात, आणि..."

बाप कोरड्या घशाने गेला. ते तेव्हा कुठे त्याच्या काळजाला लागलं आणि तो पोरासारखा रडला. निदान आता तरी पाजावं म्हणून त्याने तीर्थाची पळी भरली. दातखीळ बसलेली. बोटं घालून जबडा सोडवला.

जिभेवर काहीतरी होतं.

घंटेच्या आतला पितळी लोलक. वरचा तारेचा आकडा त्याने स्वतःच बसवलेला, ओळखायला वेळ लागला नाही. वाजून वाजून तापावा तसा, हाताला अजून गरम लागत होता.