गुणवंताचा पटर

"साहेब, माझा पटर चोरीला गेला," उंबऱ्यातूनच गुणवंता म्हणाला. "आन् एक वाजता माझी बाजी हाय."

नागपूरचे खाजगी गुप्तहेर मोरेश्वर देशकर पांढुर्ण्याला मेहुण्याकडे, हेमंतमास्तरांकडे, चार दिवस आराम करायला आले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. सकाळचे साडेआठ वाजले होते.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. त्या हिवाळ्यात चार गावांत मिळून व्यावसायिक गोल्फचा हंगाम भरला होता. तीन गावं झाली होती. रामाकोन्याचा गुणवंता सर्वांत पुढे होता. आज शेवटची बाजी. जो जिंकेल त्याला नागपूरच्या एका क्लबात शिक्षकाची कायमची नोकरी.

"पटर म्हणजे?" हेमंतमास्तरांनी विचारलं.

"शेवटी चेंडू हळूच खळग्यात ढकलायची काठी. माझा लाकडी हाय. कवडूमामानं, इथल्या माळ्यानं, बनवून देल्ला. मले खेळ त्यानंच शिकवला."

"काल सराव कसा झाला?" मोरेश्वरांनी विचारलं.

"खराब. चेंडू सारखा डावीकडे जाऊन राहिला होता. माझाच हात बिघडला असंन."

स्टेशनापलीकडच्या माळावर मैदान होतं. कडेच्या खोलीत सामान राहायचं. किल्ली एकच, ती समितीचे चिटणीस सुरेशबाबूंकडे.

"रात्रभर कुलूप होतं," सुरेशबाबू म्हणाले. "सहाला माळी कवडू आला, खळग्यांत रोवायच्या झेंड्यांच्या काठ्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. सातला कामठीचा अनिल येऊन स्वतःची पिशवी घेऊन गेला. मी दारातच उभा होतो. आठला गुणवंता आला, तर पटर नाही."

गुणवंताच्या पिशवीत बाकीच्या विलायती काठ्या जागच्या जागी होत्या. पट्टाही नीट लावलेला होता.

अनिल दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याने लगेच पिशवी जमिनीवर उपडी केली. त्यात पटर नव्हता.

"लपवून आला असेल," हेमंतमास्तर कुजबुजले.

"काल त्याच्या खेळात काही वेगळं दिसलं?" मोरेश्वरांनी अनिलला विचारलं.

"दिसलं नाही, ऐकू आलं. त्याचा पटर फुटक्या मडक्यासारखा वाजून राहिला होता. मी त्याले सांगितलं नाही, ते चुकलंच माझं. पण बाजी आहे, साहेब."

कवडू मैदानाच्या टोकाला भेटला. साठीचा, वाळलेला माणूस.

"सकाळपासून काय केलंत, कवडूजी?"

"वाळूले तेल देल्लं बाप्पा. नऊच्या नऊ खळग्यांले."

इथे हिरवळ टिकत नसे, म्हणून खळग्यांभोवती वाळू पसरून ती तेलाने दाबून बसवत. कवडूने तंबाखूची चिमूट पुढे केली. मोरेश्वरांनी ती घेतली, हुंगली आणि तशीच मुठीत धरली. मग ते पहिल्या खळग्याशी जाऊन वाळूवरून चालले. धूळ उडाली. एकही झेंडा अजून लागलेला नव्हता.

साडेदहाला त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"चोराने महागड्या काठ्या सोडून गावातली लाकडी काठी नेली," मोरेश्वर म्हणाले. "म्हणजे त्याला मालाचा लोभ नव्हता. चेंडू डावीकडे जात होता, आवाज फुटका होता. म्हणजे पटराला तडा गेला होता. अनिलला तो आवाज कळला होता. गुणवंताला हरवायचं असतं तर त्याने तो पटर कशाला हलवला असता? तसाच राहू देणं त्याच्या फायद्याचं होतं."

"मग सुरेशबाबू?" हेमंतमास्तर म्हणाले.

"त्यांच्याकडे किल्ली रात्रभर होती. त्यांनी नेला असता तर दोघांना दारातून आत सोडून, कोण कधी आलं हे इतकं चोख सांगितलं नसतं. चार लोक येऊन गेले म्हणून घोळ घातला असता. आता राहिला एकच. काठी लपवायला काठ्यांच्या मोळीसारखी जागा नाही. वाळूला तेल दिलं म्हणणाऱ्याची वाळू कोरडी, झेंडे अजून लागायचे, आणि त्याने बोटांनी दिलेल्या तंबाखूला तेलाचा नाही, सुताराच्या सरसाचा वास. चोरी करायला सरस लागत नाही, हेमंतराव. जोडायला लागतो."

कवडू भिंतीला टेकून खाली बसला.

"लाकूड वल्लं होतं," तो म्हणाला. "मी घाई केली. काल आवाज आयकला आन् जेवण गेलं नाही. पोट्ट्याले सांगतो, तं खेळताना त्याचं सारं ध्यान त्या भेगेवर. मनलं, गुपचूप जोडून ठेवून देईन. पण सरस वाळालेच तयार नाही. आन् आठलेच बोंब झाली."

गुणवंता त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मामा, मले वाटलं माझाच हात गेला. रातभर झोपलो नाही मी. सांगायचं नाही का?"

"लाज वाटली बाप्पा."

पटर कवडूच्या झोपडीत चुलीजवळ होता. सरसावर घट्ट दोरा गुंडाळलेला, वरून पितळेची पट्टी ठोकलेली. सुरेशबाबूंनी नियमांचं पुस्तक चाळलं. बाजीआधी केलेली दुरुस्ती चालते, असं त्यांनी जाहीर केलं. अनिलने मान डोलावली आणि सगळे झेंडे लावायला धावले. हेमंतमास्तरांनी धोतर खोचून तेलाचा डबा उचलला.

साडेचारला गुणवंताने एका फटक्याच्या फरकाने बाजी मारली. त्याला सर्वांत आधी खांद्यावर घेतलं ते अनिलने.

खाली उतरल्यावर गुणवंता गर्दीतून वाट काढत कवडूपर्यंत गेला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्याने गुणवंताची मळलेली कॉलर सरळ केली.

"नागपुरात खानावळीचं खाशीन," तो म्हणाला, "तं पयले भाजीचा वास घेत जाय. आन् दर दिवाळीले घरी ये."