मोटारीतल्या साहेबाची घागर

इंद्रसिंग, तळोद्याला कुणाची तरी जुनी मोटार विकायला निघाली आहे आणि तुला ती घ्यायची आहे, असं ऐकलं. घे बाबा. इंजिन बघ, चाकं बघ. पण रात्री जेवणं झाल्यावर एकदा दारं लावून आत बस आणि नुसता श्वास घे. हसू नका रे. वारा पडलाय, झोप कुणालाच येत नाही, तर मगनदादाचं काय झालं ते ऐकून घ्या. मगनदादा माझा सख्खा चुलतभाऊ. त्या घरात माझी रोजची उठबस, तेव्हा ही उडत आलेली गोष्ट नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा, एकोणचाळीस साल. मगनदादाच्या बायकोला, धनुवहिनीला, दमा होता. असातसा नव्हे, धाप लागली की ओठ निळे पडायचे. डॉक्टर नंदुरबारला, आणि आपल्या गावापासून नंदुरबार नऊ कोस. बैलगाडीने जाता जाता अख्खी रात्र सरायची. त्या हिवाळ्यात दोनदा ती वाटेतच हातची जाता जाता वाचली. म्हणून दादाने मोटार घ्यायचं ठरवलं. लोक म्हणाले, पाटलाला मिजास आली. मिजास कसली डोंबलाची, बायको जगावी एवढंच त्याला हवं होतं.

अक्कलकुव्याकडे जंगल खात्याचा एक गोरा साहेब वारला होता. त्याची हिरवी, कापडी टपाची मोटार विकायची होती. ती आणायला दादा नंदुरबारच्या मेहबूबला घेऊन गेला. मेहबूब गाद्या शिवायचा आणि मोटारही हाकायचा. मोटार चांगली निघाली. आत सिगारेटचा वास तेवढा होता. धुतला की जाईल, असं मेहबूबचं म्हणणं.

धनुवहिनी पहिल्यांदा मागच्या गादीवर बसली. मोटार वेशीपर्यंत गेली नाही तोच तिची छाती वाजायला लागली. खाली उतरवली, तेव्हा कुठे श्वास जागेवर आला. झालं! जिच्यासाठी मोटार आणली तिलाच बसता येईना.

मग दादाने जे आरंभलं ते बघून गाव हसायचं. मीही हसलो, आज त्याची लाज वाटते. रिठ्याच्या पाण्याने मोटार आतून धुतली. लिंबं चोळली. टोपल्या भरून कोळसा आत ठेवला. चैत्राच्या उन्हात आठ दिवस दारं उघडी टाकली. शेवटी मेहबूबने गाद्या उसवल्या, आतला जुना काथ्या नेऊन जाळला आणि दादाच्या शेतातला नवा कापूस भरला. टपाचं कापडसुद्धा बदललं. दिवसा गादीत नाक खुपसलं तरी कोऱ्या कापडाचाच वास. दादा असा खूश, की येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून वास घ्यायला लावायचा.

त्या रात्री नऊच्या सुमाराला मेहबूब मोटारीची दारं लावायला खळ्यात गेला आणि तसाच माघारी आला.

"पाटील, हाऊ जुना वास नही शे," तो म्हणाला. "आते कोनी तरी पेटाडेल शे."

मी स्वतः जाऊन पाहिलं. वास ताजा होता. नुकतीच काडी ओढावी तसा. मोटारीत कुणी नव्हतं.

तेव्हा दादाने अक्कलकुव्याला माणूस धाडून चौकशी केली. साहेब मागच्या गादीवर बसल्याबसल्याच गेला होता. रात्रीच्या वेळी, हातात सिगारेट धरून. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. तो कशाला सांगेल?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. मगनदादाची आई, माझी कौसाकाकू, दादाला म्हणाली, "त्यानं आठे कोनी नही. कोनी त्याले घास टाकेल नही, म्हनीसन तो मोटारमाईन उठस नही. आखाजीले आपन त्यानी घागर भरूत."

भुकेल्याला वाढायचं, यात वाईट ते काय? आखाजीला आपण घरातल्या गेलेल्यांच्या नावाने घागर भरतो, चुलीत घास टाकतो. दादाने आज्याचा टाकला, बापाचा टाकला. साहेबाचा घास हातात घेतला आणि अडला. साहेबाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घरना म्हनी टाक," काकू म्हणाली.

दादा म्हणाला, "घरना," आणि घरच्याचा म्हणून घास चुलीत टाकला. मग एक सिगारेट पेटवून घागरीपाशी ठेवली. ती आमच्यादेखत शेवटपर्यंत जळली. परक्याचा घास उंबऱ्याबाहेर ठेवायचा, चुलीत टाकायचा नाही, हे काकूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सून वाचवायची घाई झाली होती. मीही तिथेच होतो, आणि मीही बोललो नाही.

त्या रात्री वास आला नाही. दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी धनुवहिनी मोटारीत बसून मळ्यापर्यंत जाऊन आली. हसत उतरली. मेहबूबला तिने सांजोऱ्या बांधून दिल्या.

आखाजीनंतरची पाचवी रात्र. वैशाख शुद्ध अष्टमी. साडेनऊला वहिनीला धाप लागली.

मेहबूब ओट्यावरच झोपला होता. पाच मिनिटांत मोटार निघाली. पुढे मेहबूब. मागे वहिनी, आणि तिला धरून दादा. तीन कोस नीट गेले. मग वहिनीने दादाचा हात दाबला.

"त्यासले सांगा ना... सिगारेट इझाडा म्हना."

"कोनले वं?"

"आठे बठेल शेतस... त्यासले."

तिच्या एका बाजूला दादा होता. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.

मग वास आला.

मेहबूबने मोटार थांबवून टप मागे पाडला. वर उघडं आभाळ. वास तसाच. दोघांनी वहिनीला उतरवून बांधावर बसवलं. श्वास आला. उचलून मोटारीत ठेवली. श्वास गेला. पुन्हा उतरवली. पुढच्या गादीवर बसवून पाहिली. तेच. तीनदा केलं. सहा कोस पुढे डॉक्टर, तीन कोस मागे घर, आणि मोटार समोर उभी.

"पाटील... आते काय करूत?"

दादाने पदराने वहिनीचं तोंड पुसलं. मग म्हणाला, "तू जाय. डॉक्टरले लई ये. मी आठे बठस हिनाजोडे."

मेहबूब एकटा निघाला. त्याने मला नंतर सांगितलं, मागे वळून बघायची छाती नव्हती, तोंडाने कलमा चालू होता. फर्लांगभर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मोटारीत वास नव्हता. अजिबात नव्हता. सुटलो, असं त्याला वाटलं.

आणि मग उमगलं. साहेब मोटारीतून उतरला होता.

मेहबूबने गाडी थांबवली. परत फिरावं? की डॉक्टर आणावा? परत जाऊन तो तरी काय करणार होता?

तो पुढे गेला.

इकडचं मला दादाने पुढे सांगितलं. त्याच्या मांडीवर वहिनीचं डोकं. मोटारीचा आवाज विरला. तिचा श्वास जरा बसला होता. डोळे मिटले होते. आता झोप लागेल, असं दादाला वाटलं.

वास आला.

उघड्या रानात. अगदी जवळून.

"मोटार गयी ना, बाबा," दादा म्हणाला. "तू बी जाय."

...

"मन्हं चुकनं. तू मन्हा घरना नही शे."

...

वहिनीची छाती वाजायला लागली. दादाने तिला उचललं. दहा पावलं गेला. तिथेही. वीस पावलं गेला. तिथेही. रस्ता सोडून वावरात शिरला. तिथेही. पदराने वारा घातला. हात जोडले. शिव्या दिल्या. पुन्हा हात जोडले...

मेहबूब डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा एक वाजून गेला होता. चंद्र मावळला होता. बांधावर कुणीच दिसेना. हाका मारत शोधलं. दादा वावराच्या पार मध्यात बसलेला सापडला. डॉक्टरांनी पेटी उघडली नाही.

सकाळी बायकांनी वहिनीला आंघोळ घातली. त्यांत माझी बायको, तुमची काकू, होती. खोटं वाटलं तर उद्या तिला विचारा. वहिनीने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, टोकाकडे पिवळीजर्द पडली होती. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याची पडतात तशी. कौसाकाकूने तो हात मांडीवर घेतला आणि शिकेकाईने घासला. पुन्हा घासला. रडत रडत घासत राहिली, शेवटी बायकांनी तिला धरून उठवलं.

डाग निघाला नाही. तसंच नेलं तिला.