तार निवेपर्यंत

नोएडातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्यांदा तोंडावर बंद झाली, तेव्हा मी तिला मराठीत शिवी घातली. दिल्लीत ही एक सोय असते – कुणाला कळत नाही.

"आमच्याकडं याहून जोरकस देतात," मागून आवाज आला.

उंच, केस बारीक कापलेले, डाव्या हातात फाइल. उजवा हात मुठीत मिटलेला, स्वेटरच्या बाहीत अर्धा लपवलेला. बटण मीच दाबलं. त्यालाही चौथ्या मजल्यावरच जायचं होतं... माझ्याकडेच.

पृथ्वीराज, लष्करात नाईक. मूळचा कराडचा, राहायला दिल्ली कॅन्टोन्मेंटात. गाडी उलटून डोक्याला मार लागला, तेव्हापासून उजवी बोटं मिटली ती मिटलीच. आमची कंपनी अशा हातांसाठी हातमोजा बनवत होती. त्यातली तार स्वतःचा आकार लक्षात ठेवते: बॅटरीनं तापली की सरळ होते, बोटं उघडते, निवली की सैलावते आणि बोटं पुन्हा मिटतात. चाचणी अशी: रोज शंभर वेळा उघडायची, साठ दिवस. जानेवारीत लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढं त्याची तपासणी होती. हात कामापुरता उघडला तर स्टोअरमध्ये नोकरी, नाहीतर घर.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, तार किती टिकते. मी तज्ज्ञाच्या तोऱ्यात सांगून टाकलं, "सहा हजार वेळा. मग तुटते."

दर बुधवारी तो यायचा. हात किती वेळा उघडला ते मोजणारं मोज्यातलं मीटर मी वहीत उतरवायची, आणि समोर बसून तो बोटं उघडायचा. बाहेर धुरानं समोरची इमारत दिसायची नाही. मी म्हणायची, फौजी असून चहात तीन चमचे साखर? तो म्हणायचा, मॅडम, तुम्ही चमचे मोजता म्हणजे लक्ष असतं की.

लक्ष होतंच. आकड्यांवरही. बुधवारी सत्तर-ऐंशी, बाकी दिवशी चार, पाच, तीन. शहाण्या बाईनं तेव्हाच दटावलं असतं. मी काय केलं? बुधवारचे सत्तर मनातल्या मनात स्वतःच्या नावावर जमा केले आणि दोन महिने खुशीत राहिले.

मग सर्जनचा रिपोर्ट आला. सराव नाही, स्नायू आखडले, हात आता अर्ध्यापलीकडे उघडणार नाही. चाचणीतून नाव काढलं. मोजा जमा करायला तो शेवटच्या बुधवारी आला.

"रोज शंभर सांगितले होते ना?" माझा आवाज चढला.

"सांगितलेले. पण तार सहा हजारांचीच." तो मोज्याकडे बघत होता. "सीमेवर पोस्टवर गोळ्या मोजून मिळतात, मॅडम. सवय लागते. म्हटलं, बोर्डापुढं उघडून दाखवायला शिल्लक हव्यात."

"तार... तुटली की आम्ही नवी बसवतो. वीस मिनिटांचं काम."

त्यानं डाव्या हातानं मोजा चाचपला. मग म्हणाला, "हे कुणी बोललं नाही."

"मी बोलले नाही."

त्यानं रागावावं असं फार वाटत होतं. तो रागावला नाही. रविवारी गावी निघतोय म्हणाला; बोर्ड होईपर्यंत आईकडे. बोर्ड काय ठरवणार, ते दोघांनाही माहीत होतं.

"मग बुधवारी का उधळायचात?" मी विचारलं.

"तुम्ही समोर असायचात." कान लाल झाले त्याचे. "तिथं काटकसर जमली नाही."

मीटरवर हजारही पुरे झाले नव्हते. आणखी पाच हजारांहून अधिक वेळा त्याचा हात उघडू शकला असता... आणि तसाच राहिला. मोजा अजून त्याच्या हातातच होता; मी त्याचं बटण दाबलं. तार तापली, बोटं थरथरत जेमतेम अर्ध्यावर आली. तेवढ्या जागेत मी माझी चार बोटं ठेवली, बटण सोडलं आणि बॅटरी काढून टेबलावर ठेवली.

अकरा सेकंद लागतात निवायला. दर बुधवारी लिहायची मी तो आकडा. एकेक बोट माझ्या बोटांवर मिटत गेलं.

"मॅडम, बॅटरी काढलीत," तो हळूच म्हणाला. "आता हात कसा सुटायचा?"

"मॅडम नाही, अक्षता म्हणायचं," मी म्हणाले. "आणि रविवारी किती वाजताची गाडी आहे तुमची?"