गैरहजेरीचे भाकीत

नागपूरच्या श्रमविज्ञान संस्थेत निवडयंत्राची पहिली चाचणी संपली, तेव्हा सर्वांत आधी टाळी वाजवली ती यशोधन मोहरील यांनी. मोहरील निवृत्त प्रधान सचिव होते. स्त्रियांना नोकरीत समान संधी कशी मिळेल हे शोधण्यासाठी सरकारने जी समिती नेमली होती, तिचे ते अध्यक्ष. समितीत सात सदस्य होते आणि त्यांपैकी सहा जणांना रोज सकाळी दाढी करावी लागत असे. सातव्या डॉ. मंजिरी लांजेवार. श्रमगणितात त्यांच्याइतका अधिकार राज्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. म्हणूनच बहुधा त्यांची बोलण्याची पाळी चहानंतर, लोक गाड्या मागवू लागले की येत असे.

"बघा," पडद्याकडे बोट दाखवत मोहरील म्हणाले, "अर्जातून नाव काढलं, फोटो काढला, स्त्री की पुरुष हा रकानासुद्धा काढला. यंत्राला काही म्हणता काही कळायला मार्ग नाही. तरी त्यानं शंभर जागांसाठी ब्याण्णव पुरुष निवडले. आता पक्षपात झाला, असं कोण म्हणेल?"

"मी म्हणेन," डॉ. लांजेवार म्हणाल्या. "अन्वर, यंत्राला नेमका कोणता प्रश्न घातलाय, तो यांना सांग."

डॉ. अन्वर तांबोळी यांनी ते यंत्र बांधले होते. ते खुर्चीतून उठले. "प्रश्न समितीनंच दिलाय. पुढच्या पाच वर्षांत कोण सर्वांत कमी गैरहजर राहील? यंत्र त्याचं भाकीत करतं. बाई कोण, पुरुष कोण, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. बाळाच्या लसीच्या दिवशी कोण कामावर नव्हतं, घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यात असताना कोणाची हजेरी घसरली, कोणाच्या नोकरीत मध्येच वर्षभराचा खंड पडला, या सगळ्या नोंदी त्याच्यापुढे आहेत. शाळेच्या, विम्याच्या, दवाखान्याच्या. त्यावरून ते एकच गोष्ट ओळखतं. घरात कोणी आजारी पडलं, तर हा माणूस काम टाकून उठून जाईल का? जो जाईल, तो बाद."

"आणि आपल्याकडे उठून कोण जातं, हे वेगळं सांगायला नको," डॉ. लांजेवार म्हणाल्या. "मुलाखतीत 'घर कसं सांभाळाल' असं विचारायला तुम्ही बंदी घातलीत. आता यंत्र न विचारता तेच विचारतंय."

मोहरील समजूतदारपणे हसले. ते हसू त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षीच कमावले होते. "मॅडम, घरच्यांची उठबस करणं ही बायकांची आवड आहे. त्यांच्या आवडीपायी मालकानं का सोसावं?"

एका सदस्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवायला सांगितली.

बैठक संपल्यावर तांबोळी म्हणाले, "मंजिरी, बायकांना थोडे गुण वाढवून देतो. एका ओळीचं काम आहे."

"नको. मग जन्मभर 'सवलतीवर आली' हे ऐकायचं. तुझं यंत्र खरं तेच सांगतंय. घरोघरी जे चाललंय ते बदललं, की यंत्राचं उत्तर आपोआप बदलेल."

"आणि घरोघरचं कसं बदलणार?"

"कायद्यानं. पुरुषांना खुर्चीवरून उठवायचं."

त्यांनी देखभाल रजा कायद्याचा मसुदा तयार केला. मूल झाले किंवा घरात कोणी आजारी पडले, तर पुरुषाला आणि स्त्रीला सारखीच रजा. ती घ्यावीच लागेल, एकमेकांना देता येणार नाही, आणि कोणी घेतली नाही तर दंड मालकाला. मोहरील यांनी त्याला अखेरपर्यंत विरोध केला. निवडणूक जवळ आली होती, म्हणून मंत्र्यांनी तरीही तो मंजूर केला. त्या दिवशीच्या छायाचित्रात मोहरील बरोबर मधोमध उभे होते. त्यांनी एक कलम मात्र घालून घेतले होते. सर्व मोठ्या पदांची निवड यंत्रच करेल आणि निवडीचे कारण चारचौघांत, मोठ्याने सांगेल. "म्हणजे बाई म्हणून डावललं, ही रड कायमची बंद," असे ते म्हणाले होते.

पहिल्या वर्षी पुष्कळ पुरुष बाळाच्या नावाने रजा घेऊन ताडोब्याला वाघ पाहायला गेले. यंत्राला ते लगेच कळले, कारण बाळाला दवाखान्यात कोणी आणले ही नोंद त्याच्यापुढे होतीच. परंतु काही तरुण खरोखर घरी बसले. त्यांना बाळाचे रडणे ओळखता येऊ लागले, आजारी आईला पथ्याचे करून घालता येऊ लागले. रजा संपल्यावरही मूल तापले, की ते उठून जाऊ लागले. यंत्राने त्यांनाही बाद करायला सुरुवात केली. निवडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण वाढत वाढत निम्म्यावर आले. मंत्र्यांनी सत्कार घडवून आणला. शाल मोहरील यांना मिळाली.

डॉ. लांजेवार यांचा आनंद फार टिकला नाही. तांबोळींनी एके दिवशी त्यांच्यासमोर निवड झालेल्यांची माहिती ठेवली.

"ही माणसं बघ. बाई असो की पुरुष, यांना एक तर कोणी नाही, किंवा आहेत त्यांच्याकडे हे फिरकत नाहीत. ही बाई आता संचालक आहे. आईला आश्रमात ठेवलं, त्यानंतर एकदाही गेली नाही. हिचे गुण सर्वांत जास्त."

डॉ. लांजेवार यांनी ती माहिती शेवटच्या नावापर्यंत चाळली. "म्हणजे आपण बायकांना वर काढलंच नाही," त्या म्हणाल्या. "काळजी घेणाऱ्या पुरुषांना तेवढं खाली ओढलं. प्रश्नच बदलायला हवा, अन्वर. कोण उठून जाईल, हे माणसाला विचारायचंच नाही. कोणी उठून गेलं तर तुमचं काम चालतं का, हे कचेरीला विचारायचं. ज्या कचेरीचं चालत नाही, ती बाद."

प्रश्न बदलण्याचा अधिकार फक्त समान संधी आयुक्तांना होता आणि ते पद पहिल्यांदाच भरले जाणार होते. डॉ. लांजेवार यांनी अर्ज केला. मोहरील यांनीही केला. आपण आयुक्त झालो तर देखभाल रजा ऐच्छिक करू, असे उद्योजकांच्या एका भोजनसमारंभात त्यांनी सांगून टाकले होते. ऐच्छिक म्हणजे काय, हे जेवणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नाही.

निवडीच्या दिवशी संस्थेचे सभागृह भरले होते. मंत्री आले, पत्रकार आले. मोहरील यांनी पत्नीला, कुमुदिनीबाईंना, सोबत आणले होते. अशा प्रसंगी छायाचित्रात पत्नी असलेली बरी दिसते. त्या दुसऱ्या रांगेत डोक्याला रेशमी रुमाल घट्ट बांधून बसल्या होत्या.

यंत्राचा सपाट आवाज आला. "डॉ. मंजिरी लांजेवार. गैरहजेरीची शक्यता मोठी. कारण : वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. उमेदवार वारंवार उठून जातात, पुढेही जातील."

डॉ. लांजेवार यांनी मान डोलावली. ते खरेच होते.

"यशोधन मोहरील. गैरहजेरीची शक्यता शून्य. यांची निवड झाली आहे."

टाळ्या थांबेपर्यंत मोहरील उभे राहिले. "मित्रहो, छत्तीस वर्षांच्या नोकरीत घरच्या कारणासाठी मी एक दिवसही रजा घेतली नाही. माझ्या अर्धांगिनीनं ती वेळच येऊ दिली नाही."

"सर, निवडीचं कारण?" एका पत्रकार मुलीने विचारले. "कायद्याप्रमाणे सांगायला हवं."

"अवश्य! कलम माझंच आहे," मोहरील म्हणाले.

तांबोळींनी कळ दाबली. "कारण : घरातील एका व्यक्तीवर सात महिन्यांपासून गंभीर आजाराचे उपचार चालू आहेत. या काळात उमेदवार समितीच्या प्रत्येक बैठकीला पूर्ण वेळ हजर होते. यापुढेही ते उठून जाणार नाहीत."

मोहरील मोकळेपणाने हसले. "नोंदीत घोळ दिसतोय. अहो, आमच्या घरी आम्ही दोघंच आणि मी तर ठणठणीत आहे."

हा हिशोब सभागृहात सर्वांना जमला. मोहरील यांना तो सर्वांच्या शेवटी जमला. ते हळूहळू दुसऱ्या रांगेकडे वळले.

"नोंद बरोबर आहे," कुमुदिनीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"कुमुद! तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही सत्काराचं भाषण लिहीत होता. 'बरं, जाऊन ये' म्हणालात." त्यांनी रुमाल नीट केला. "मी जाऊन येतेच आहे."

कॅमेरे मोहरील यांच्याकडे वळले. कॅमेऱ्यापुढे काय करायचे, हे त्यांना कधी शिकवावे लागले नव्हते. त्यांनी छातीवर हात ठेवला. "मी या क्षणी जाहीर करतो, माझ्या पत्नीच्या शुश्रूषेसाठी मी पूर्ण वर्षभर देखभाल रजा घेईन."

"सर," तांबोळी म्हणाले, "नवी माहिती आली की पुन्हा गणित करावं लागतं. शक्यता वाढली, तर पद दुसऱ्या उमेदवाराकडे जाईल."

मोहरील यांचा हात छातीवरून किंचित सरकला. मंत्री बघत होते. "करा," ते अस्पष्ट म्हणाले.

यंत्राने उत्तर द्यायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ घेतला नाही. "उमेदवाराची घोषणा विचारात घेतली. गैरहजेरीची शक्यता शून्य. निवड कायम."

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू आवरले नाही. मग ते सभागृहभर पसरले. कुमुदिनीबाईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मोहरील मात्र आधी निवड कायम झाल्याच्या समाधानात होते. लोक कशाला हसताहेत, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

बाहेर व्हरांड्यात डॉ. लांजेवार यांनी कुमुदिनीबाईंना गाठले. "पुढची तारीख कधी आहे?"

"सोमवारी."

"सोबत कोणी असतं?"

"रिक्षावाला दारापर्यंत सोडतो हो," त्या म्हणाल्या. "तोही बिचारा थांबू का विचारतो."

निवड यंत्राने केली होती, कायद्याप्रमाणे केली होती, म्हणून तिला आव्हान देता येत नव्हते. सोमवारी सकाळी मोहरील यांनी पदभार स्वीकारला. पत्नीच्या आग्रहाखातर आपण रजेचा विचार बाजूला ठेवला, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले आणि रजा ऐच्छिक करण्याच्या आदेशावर पहिली सही केली. त्या वेळी कुमुदिनीबाईंच्या हातात सलाईनची सुई होती. शेजारच्या खुर्चीवर डॉ. मंजिरी लांजेवार संत्रे सोलत बसल्या होत्या. त्यांनी दिवसभराची रजा टाकली होती. तिची नोंद आतापर्यंत यंत्राकडे पोचली असणार, हे त्यांना ठाऊक होते.